बर्फातले माहेर

माझे पहिले बाळंतपण चिपळूणला, माहेरी झाले. वेणांच्या त्या रात्री डॉक्टरीणबाई काय काय म्हणाल्या ते आज आठवत नाही. आठवतो तो आईचा हात. वर्गात जात्यावरच्या ओव्या शिकवताना ‘माहेर’ हा शब्द आला, की तो हात आठवतोच. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यातही काही औषध आहे हे ध्यानात येत नाही. ते औषध काढून घेतले म्हणजे काय होते, हे पाहायला पृथ्वीच्या माथ्यावर, कॅनडाच्या अगदी उत्तरेला जावे लागते.

तिथे इनुइट लोक राहतात. शाळेच्या भूगोलात आपण त्यांना ‘एस्किमो’ म्हणून ओळखले. ते स्वतःला ‘इनुइट’ म्हणवतात, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणसे’ एवढाच! १९९९ साली त्यांचा बहुतांश मुलूख ‘नुनावुत’ या नावाने वेगळा प्रदेश झाला. आकाराने सहा महाराष्ट्रांएवढा, आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम ३७ हजार. गावे २५, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता म्हणून नाही. बाहेरगावी जायचे ते बहुतेक विमानाने, आणि तेही हवामानाची मर्जी असेल तर.

अशा गावी माणूस आजारी पडला तर? गावच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर बहुधा नसतो. तो अधूनमधून येऊन फेरी मारून जातो. एरवी सारा भार नर्सबाईंवर. ताप, जखमा, टाके त्या निभावतात. अवघड वाटले तर दूरच्या डॉक्टरला फोन करतात. त्यापुढचे दुखणे असेल, तर रोग्याला विमानात घालायचे. मोठे रुग्णालय एकच, इकालुइत या राजधानीत. पूर्वेकडच्या गावच्या रोग्याचे तिथेही भागले नाही, तर पुढे ओटावा – म्हणजे आणखी दोन हजार किलोमीटर, मुंबईहून रेल्वेने कोलकात्याला जावे तसे! आणि बाहेर हिमवादळ घोंगावत असेल, तर नर्सबाईंनी रोग्याच्या उशाशी बसून आभाळ निवळण्याची वाट पाहायची.

पण वाचकहो, अंतर ही या कथेतली खरी व्यथा नव्हे. उपचार येतो आणि माणसाला माणसांतून उचलून नेतो, ही खरी व्यथा.

१९५० पासून ‘सी. डी. हाउ’ नावाचे सरकारी जहाज दर उन्हाळ्यात पूर्वेकडच्या किनाऱ्याने फिरू लागले. जहाजावर डॉक्टर होते, क्ष-किरणांचे यंत्र होते. क्षयाने इनुइटांत तेव्हा थैमान घातले होते, तेव्हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण छातीच्या चित्रात डाग दिसला, की रोग्याला पुष्कळदा परत किनाऱ्यावर उतरूही देत नसत. मुलाबाळांचा निरोप न घेताच आई दक्षिणेकडच्या आरोग्यधामाला निघे, ती कित्येकदा दोन-दोन वर्षांसाठी. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण असा दक्षिणेत खाटेवर होता. अनेक बरे होऊन परतले, हेही खरे. काही परतलेच नाहीत; आणि त्यांना कुठे पुरले, हे पुष्कळांच्या घरी कुणी कळवलेही नाही. सरकारदरबारी त्यांची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावरच्या क्रमांकाने. मग शोध तरी कसा घ्यायचा? मार्च २०१९ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इकालुइतला जाऊन याबद्दल क्षमा मागितली. ती थडगी शोधून देण्याच्या कामाचे नाव आहे ‘नानिलावुत’. अर्थ – ‘चला, त्यांना शोधू या’.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर क्विबेक प्रांताच्या उत्तर भागातून आजारी मुलांना नेणाऱ्या सरकारी विमानात २०१८ पर्यंत आईबापांना बसू देत नसत! तिथल्या डॉक्टरांनीच आवाज उठवला, तेव्हा कुठे तो नियम बदलला.

बाळंतपणाचे तेच. नुनावुतच्या बहुतेक गावांतल्या गर्भवतीला आजही दिवस भरण्याआधी काही आठवडे विमानाने परगावी जाऊन राहावे लागते. थोरली मुले घरी, पूर्वी बहुधा नवराही घरीच. आणि ही परक्या शहरात दिवस मोजत बसलेली.

यातून वाट काढली ती क्विबेकच्या उत्तरेला, हडसन उपसागराच्या काठच्या पुविर्नितुक गावच्या बायकांनी. त्यांच्या आग्रहावरून १९८६ साली तिथे प्रसूतिगृह उघडले. गावच्याच इनुइट मुली अनुभवी सुइणींच्या हाताखाली शिकून तयार झाल्या. पोट फाडून बाळ काढण्याची सोय तिथे नाही. म्हणून प्रत्येक गर्भवतीचा आधी विचार होतो. जोखीम दिसली तर तिला विमानाने दक्षिणेला पाठवतात, बाकीच्या गावातच बाळंत होतात. नोंदी पाहता हे धाडस अंगलट आलेले नाही. पुढे १९९८ मध्ये शेजारच्या इनुक्जुआक गावातही अशीच सोय झाली.

विमाने हवीत, रुग्णालयेही हवीत; त्यांच्यावाचून भागायचे नाही. पण पुविर्नितुकच्या बाईला वेणांच्या रात्री आता आपल्या भाषेत धीर देणारे कुणी जवळ असते. बाहेर बर्फ किती का पडेना, तिचा हात कुणाच्या तरी हातात असतो.