रोमँटिक काव्यातील निसर्ग आणि भावना : ‘डॅफोडिल्स’च्या निमित्ताने

‘निसर्गकवी’ हे बिरुद विल्यम वर्ड्‌स्वर्थला इतक्या सहजपणे लावले जाते, की रोमँटिक काव्यात निसर्ग आणि भावना यांचे नेमके नाते कोणते, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. निसर्ग पाहिला, मन उचंबळून आले आणि कविता झाली, असा सरळ कार्यकारणभाव विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळतो. हा समज कितपत टिकतो, हे ‘डॅफोडिल्स’ या नावाने परिचित असलेल्या कवितेच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

१५ एप्रिल १८०२ रोजी इंग्लंडमधील अल्सवॉटर सरोवराच्या काठी वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांनी ही फुले पाहिली. डोरोथीने त्या दिवशीचा जोरदार वारा आणि फुलांचे डोलणे रोजनिशीत बारकाईने नोंदवले. कविता मात्र सुमारे दोन वर्षांनी रचली गेली, १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १८१५ मध्ये तीत एका कडव्याची भर पडली. प्रत्यक्षात बहीण सोबत होती. कवितेतील ‘मी’ एकटा आहे. शेवटच्या कडव्यातील दोन ओळी तर पत्नी मेरीच्या आहेत, असे कवीनेच सांगितले आहे.

‘लिरिकल बॅलड्‌स’च्या १८०० च्या प्रस्तावनेत वर्ड्‌स्वर्थने, शांत चित्ताने आठवलेल्या भावनेत काव्याचा उगम असतो, असे प्रतिपादन केले. या कवितेचा उत्कर्षबिंदूही सरोवराकाठी नसून घरातील एकांतात आहे. फुले पाहताना त्यांचे मोल कवीला उमगलेले नव्हते. ते स्मृतीने उलगडले.

याच एप्रिलमध्ये कोलरिज ‘डिजेक्शन’ या उद्देशिकेचा पहिला, पत्ररूप खर्डा लिहीत होता. त्याला मावळतीच्या आकाशाचे सौंदर्य दिसते, पण जाणवत नाही. आनंदाचा झरा आतच आटला असेल, तर निसर्ग तो बाहेरून देऊ शकत नाही, ही त्याची व्यथा आहे. वर्ड्‌स्वर्थची स्मृती जिथे तारते, तिथे कोलरिजचे मन रिते राहते. तथापि भावनेच्या निर्मितीत मनाचा वाटा निर्णायक आहे, याविषयी दोघांत मतभेद नाही.

सारांश, रोमँटिक काव्यातील निसर्ग हा भावनेचा तयार साठा नव्हे. म्हणून अध्यापन करताना ‘कवीने निसर्गाचे वर्णन कसे केले?’ या प्रश्नापाशी न थांबता, ‘ही भावना केव्हा जागी झाली आणि अनुभवातील काय गाळले गेले?’ हेही विचारावयास हवे. तसे न केल्यास विद्यार्थ्यांच्या हाती फुलांची यादी उरते. कविता उरत नाही.