स्वाध्यायाचा समास : प्रौढांचे साहित्यशिक्षण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

मुक्त विद्यापीठीय शिक्षणाची चर्चा करताना पाठ्यपुस्तिका, दृक्‌श्राव्य साहित्य आणि अभ्यासकेंद्रे यांचा उल्लेख हमखास होतो. स्वाध्यायाचा मात्र क्वचितच होतो. वस्तुतः प्रौढ अध्येता आणि विद्यापीठ यांच्यात जो काही लेखी संवाद घडतो, तो बहुतांशी स्वाध्यायाच्या पानांवर घडतो. अध्येता उत्तर लिहून पाठवतो, संमंत्रक ते तपासतो, समासात शेरे लिहितो आणि गुण देतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अनेक अभ्यासक्रमांत अंतिम गुणांपैकी ३० टक्के भार या स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला दिलेला आहे. प्रौढांच्या उच्च शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेला कोणते स्थान द्यावे आणि ते न्याय्य कसे ठरावे, या प्रश्नाचे उत्तर प्रथम या समासातच शोधले पाहिजे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. विवेचन मुख्यतः साहित्य आणि अनुवाद या विषयांपुरते मर्यादित ठेवले आहे, कारण यंत्राची उपयुक्तता आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी तेथे सर्वाधिक स्पष्ट दिसतात.

ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि पूर्वीची शैक्षणिक पात्रता न विचारता प्रवेश देण्याचे तत्त्व उच्च शिक्षणात रुजले. भारतात १९८२ मध्ये हैदराबाद येथे पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. या विद्यापीठांचा अध्येता अंगणवाडी सेविका असेल, पोलीस शिपाई असेल, बँकेतील लिपिक असेल किंवा लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी असेल. त्याच्याजवळ अनुभव भरपूर आणि वेळ अत्यल्प असतो. प्रौढाचा पूर्वानुभव हेच त्याच्या शिक्षणाचे मोठे साधन होय, हा माल्कम नोल्स यांचा सिद्धान्त प्रौढशिक्षणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. तथापि, त्या अनुभवाला प्रतिसाद वेळेवर मिळाला तरच त्याचे साधन होते. संमंत्रकाचे शेरे परीक्षा उरकल्यावर हाती आले, तर ते कितीही मार्मिक असले तरी अध्येत्याच्या दृष्टीने त्यांचे मूल्य जवळजवळ शून्य होय. यंत्राची गरज निर्माण होते ती या विलंबातून. मुळात जो प्रतिसाद मिळतच नव्हता, त्याच्याशी यंत्राच्या प्रतिसादाची तुलना करावी लागते. आदर्श अध्यापकाशी केलेली तुलना येथे फारशी उपयोगाची नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. या संस्थेने २०१४ मध्ये संगणकशास्त्राचा संपूर्ण ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्यातील बहुसंख्य विद्यार्थी नोकरी करणारे प्रौढ होते. प्रा. अशोक गोएल यांच्या एका पाठ्यक्रमात सुमारे ३०० विद्यार्थी एका सत्रात चर्चामंचावर सुमारे १० हजार संदेश टाकत. अशा संदेशांतील पुष्कळसे प्रश्न सत्रामागून सत्र तेच ते असत. २०१६ च्या आरंभी गोएल यांनी ‘जिल वॉटसन’ नावाची यांत्रिक साहाय्यक त्या मंचावर आणली. आधीच्या सत्रांतील प्रश्नोत्तरांवर ती घडवली होती आणि उत्तराची खात्री ९७ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तेव्हाच तिने बोलावे, अशी मर्यादा तिला घातलेली होती. सत्र संपेपर्यंत ती यंत्र आहे हे विद्यार्थ्यांना सांगण्यात आले नव्हते. प्रयोगाचे यश सांगताना ही शेवटची बाब कौतुकाने सांगितली जाते. परंतु न्यायाच्या दृष्टीने तीच खटकणारी आहे. आपल्या प्रश्नाला कोण उत्तर देते आहे, हे जाणण्याचा अधिकार प्रौढ अध्येत्याला असलाच पाहिजे.

जिल वॉटसनची परिणामकारकता तिच्या मर्यादेत होती. स्वाध्याय कोणत्या स्वरूपात पाठवावा, मुदत केव्हा संपते, अमुक संज्ञा कोणत्या पाठात येते, अशा प्रश्नांना एक निश्चित उत्तर असते. साहित्याच्या स्वाध्यायातील प्रश्न या जातीचे नसतात. एखाद्या आत्मकथनातील निवेदक कोणाला उद्देशून बोलतो आहे, या प्रश्नाचे ९७ टक्के खात्रीचे उत्तर असू शकत नाही आणि असू नये. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅट जीपीटी’ सार्वजनिक वापरासाठी खुले झाल्यानंतर आलेल्या भाषिक प्रारूपांना असा संकोच नाही. ती प्रत्येक प्रश्नाला सारख्याच ओघवत्या भाषेत उत्तर देतात. उत्तर चुकले तरी ओघ कमी होत नाही, ही त्यांची अध्यापकीय दृष्ट्या सर्वांत अवघड बाजू होय.

भाषेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेल्या एका सर्वनामाच्या आधारे तो पाहता येईल. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना श्रोता वगळला जातो, ‘आपण’ म्हणताना तो सामावून घेतला जातो. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा हाच भेद आहे. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा. हिंदीतील ‘हम’ आणि आजच्या कन्नडातील ‘नावु’ यांत तो व्यक्त होत नाही. मराठी-गुजरातीतील हे वैशिष्ट्य भाषाभ्यासक द्राविड भाषांच्या दीर्घ सान्निध्याशी जोडतात. आता अनेक यंत्रानुवाद प्रणाली दोन भारतीय भाषांमधील अनुवाद इंग्रजीच्या मार्गाने करत आल्या आहेत. इंग्रजीत या दोन्ही रूपांसाठी ‘वुई’ हा एकच शब्द असल्यामुळे मराठीतून तेलुगूत जाताना तो भेद मध्येच गळून पडतो. जो भेद दोन्ही भाषांत आहे, जो कदाचित त्यांच्या शेजारातूनच मराठीला मिळाला आहे, तो केवळ मध्यस्थाजवळ नाही म्हणून नाहीसा व्हावा, हा मोठा विचित्र प्रकार आहे. शिवाय ‘आपण’ हे मराठीत आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही असल्याने मध्यस्थ ‘वुई’ ऐवजी ‘यू’ निवडण्याचीही शक्यता राहते.

हा व्याकरणातील बारकावा आहे, एवढेच म्हणून तो सोडून देता येत नाही. दलित आत्मकथनांतील ‘आम्ही’ अनेकदा वाचकाला जाणीवपूर्वक बाहेर उभे करतो. तुम्ही हे भोगलेले नाही, असे त्या सर्वनामातच सुचवलेले असते. त्याच्या जागी ‘मनमु’ आले तर आरोपाचे रूपांतर सामुदायिक उद्गारात होईल आणि वाक्य तरीही व्याकरणशुद्ध राहील. यंत्राचा आधार घेऊन स्वाध्याय लिहिणाऱ्या अध्येत्याला चूक झाल्याची चाहूलही लागणार नाही.

थेट भारतीय भाषांमध्ये अनुवाद करणारी प्रारूपे घडवण्याचे कार्य होत आहे, याची नोंद येथे करणे आवश्यक आहे. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२ मध्ये जाहीरपणे कार्यान्वित झाला. चेन्नई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘एआय फॉर भारत’ या गटाने २०२३ मध्ये २२ अनुसूचित भाषांसाठी खुली अनुवादप्रणाली उपलब्ध केली. परंतु ज्या वाक्यसंग्रहांवर अशा प्रणाली शिकतात, त्यांचे स्वरूपही पाहावे लागते. याच गटाच्या ‘समानान्तर’ या संग्रहात इंग्रजी आणि ११ भारतीय भाषा यांच्यातील सुमारे ४ कोटी ९७ लाख वाक्यजोड्या आहेत. भारतीय भाषांमधील ५५ भाषाजोड्यांसाठी ८ कोटी ३४ लाख वाक्यजोड्या आहेत आणि त्या इंग्रजीला मध्यस्थ ठेवून जुळवलेल्या आहेत. म्हणजे मराठी आणि तेलुगू वाक्ये परस्परांशेजारी आली, ती दोघांचे इंग्रजी प्रतिरूप एक म्हणून. कार्य अत्यंत मोलाचे आहे आणि उपलब्ध सामग्रीत दुसरा मार्गही सहज नव्हता. तरी ‘थेट’ या शब्दाचा अर्थ त्यामुळे थोडा सैल होतो.

भाषेचा भार पैशाच्या स्वरूपातही पडतो. ही प्रारूपे मजकुराचे लहान तुकडे करून तो वाचतात आणि व्यावसायिक सेवांत आकारणी या तुकड्यांवर होते. ‘ओपन एआय’ या कंपनीने मे २०२४ मध्ये दिलेल्या नमुन्यानुसार, एकाच आशयाच्या मजकुराचे पूर्वी इंग्रजीत २७ आणि मराठीत ९६ तुकडे होत. नव्या पद्धतीत हे आकडे अनुक्रमे २४ आणि ३३ झाले. सुधारणा लक्षणीय आहे, पण मराठीत लिहिणाऱ्याने अधिक मोजावे ही स्थिती तिच्यामुळे पूर्णपणे संपली नाही. एखाद्या विद्यापीठाने यंत्राचा वापर गृहीत धरून स्वाध्याय रचले, तर सर्वांना समान साधन पुरवणे ही त्या विद्यापीठाची जबाबदारी ठरते. ज्याला सशुल्क सेवा परवडते आणि ज्याला घरातील एकच फोन मुलांबरोबर वाटून घ्यावा लागतो, अशा दोन अध्येत्यांचे स्वाध्याय एका मापाने मोजणे उचित नाही.

यापेक्षा गंभीर अन्याय यंत्रलेखन ओळखणाऱ्या साधनांमुळे होतो. बऱ्याच शोधक-साधनांचे गृहीतक असे असते की, वाक्यातील पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितके ते लेखन यंत्राचे असण्याची शक्यता अधिक. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींच्या ‘टोफेल’ परीक्षेतील ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्रलिखित ठरवले. अमेरिकेतील आठवीच्या विद्यार्थ्यांचे निबंध मात्र जवळजवळ अचूक ओळखले. पुढे त्याच ‘टोफेल’ निबंधांतील शब्दकळा यंत्राकरवी समृद्ध केली, तेव्हा खोट्या आरोपांचे प्रमाण घटले. म्हणजे प्रामाणिकपणे लिहिणारा संशयित ठरला आणि यंत्राची मदत घेतल्यावर संशय दूर झाला. ‘ओपन एआय’ने स्वतःचे शोधक-साधन अल्प अचूकतेच्या कारणाने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये अशा साधनाचा वापर थांबवला.

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत प्रबंधिका लिहिणाऱ्या प्रौढाची वाक्ये साधी, सुरक्षित आणि अपेक्षित असतात. मराठीत लिहिणाऱ्याची गोष्टही फार वेगळी नाही. ज्याने वर्षभर विद्यापीठाची पुस्तिकाच वाचली, तो पुस्तिकेच्याच साच्यात लिहिणार. त्याला तो साचा विद्यापीठानेच दिलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम येथे लावता येत नाहीत, कारण त्यांतील मोजमाप साम्यावर आधारलेले आहे. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही, असे ते म्हणतात. साम्य मोजण्यासाठी मूळ मजकूर समोर असावा लागतो आणि यंत्रनिर्मित मजकुराला असा एक मूळ स्रोत नसतो. संभाव्यतेच्या आकड्याला पुराव्याचा दर्जा देऊन चाळिशीतील अध्येत्याची पदवी अडवली, तर तो बहुधा दाद मागत बसणार नाही. शिक्षण दुसऱ्यांदा सोडून देईल. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने प्रवेश आणि मूल्यमापन यांतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराला ‘उच्च जोखमी’च्या वर्गात टाकले आहे, ते अकारण नव्हे.

मग स्वाध्यायात यंत्राला जागा कोठे द्यावी? गुणांच्या आधी, असे म्हणता येईल. अध्येत्याने पहिला खर्डा यंत्राला दाखवावा, यंत्राने विनागुण शेरे द्यावेत, त्यांपैकी कोणते स्वीकारले आणि कोणते का नाकारले हे अध्येत्याने लिहावे आणि सर्व कागद एकत्र संमंत्रकाकडे जावेत. गुण संमंत्रकानेच द्यावेत. अनुवादाच्या पाठ्यक्रमात तर यंत्राने केलेला अनुवाद हाच समीक्षेचा विषय करता येतो. दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचणे ही तौलनिक अभ्यासाची जुनीच रीत आहे. येथे त्यांतील एक अनुवादक यंत्र असेल, इतकेच. घरी मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणाऱ्या हैदराबादच्या अध्येत्याला ‘आम्ही’ च्या जागी आलेले ‘मनमु’ तत्काळ खटकेल. केवळ मराठी आणि इंग्रजी जाणणाऱ्या प्राध्यापकाच्या नजरेतून ते निसटण्याचा संभव आहे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी भाषकांची ही द्विभाषिक जाण आजवर परीक्षेत गुणांना पात्र मानली गेली नाही. तिला अभ्यासक्रमात स्थान देण्याची संधी या स्वाध्यायातून मिळते.

अर्थात यासाठी संमंत्रकाला प्रत्येक अध्येत्याशी निदान दहा मिनिटे तोंडी बोलावे लागेल. स्वाध्यायतपासणीचे मानधन सामान्यतः प्रतिस्वाध्याय ठरते आणि त्यात संभाषणाचा वेळ धरलेला नसतो. ठरावीक प्रश्नांची उत्तरे यंत्रावर सोपवल्याने जो वेळ आणि पैसा वाचेल, तो या दहा मिनिटांसाठी राखून ठेवण्याची तरतूद अभ्यासक्रमाच्या आराखड्यातच करावी लागेल. ती मागाहून होत नाही, असा पत्रव्यवहारी अभ्यासक्रमांचा अनुभव आहे.