मातीविना पालक, खिडकीतल्या डब्यात

उन्हाळा तापला, टँकरच्या फेऱ्या सुरू झाल्या, की परसातली पालेभाजी सगळ्यात आधी सुकते. प्यायचं पाणी वाफ्यात ओतायला हात धजत नाही. म्हणून आज आपण मातीविना भाजीची, म्हणजे हायड्रोपोनिक्सची रीत पाहू. वाफ्यातलं बरंचसं पाणी जमिनीत मुरतं, उन्हाने उडून जातं. झाकलेल्या डब्यातलं पाणी मात्र रोपाच्याच कामी येतं.

या रीतीला पंप लागत नाही, वीज लागत नाही. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ती ओळखली जाते.

खाण्याच्या वस्तूचा, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा घ्या. बाहेरून काळा कागद गुंडाळा, त्यावर पांढरा. काळ्याने उजेड अडतो आणि शेवाळ धरत नाही. पांढऱ्याने पाणी तापत नाही. दह्याच्या रिकाम्या कपाला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडा. झाकणाला असं भोक पाडा, की कप त्यात अडकून राहील.

पालकाचं बी रात्रभर भिजवून ओल्या स्पंजच्या तुकड्यात रुजवा. दोन-तीन खरी पानं फुटली, की स्पंजसकट रोप कपात ठेवा. सुरुवातीला कपाचा तळ पाण्यात बुडेल एवढंच पाणी भरा.

आता खरी गोम ऐका. पाणी कमी झालेलं दिसलं, की डबा पुन्हा काठोकाठ भरावासा वाटतो. तसं करू नका. मुळांना पाणी हवं तशी हवाही हवी. पाणी उतरतं तशी वरची मुळं हवेतून श्वास घ्यायला सरावतात. ती बुडवली तर गुदमरून कुजतात. भर घालायचीच झाली, तर डबा अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका.

नुसत्या पाण्यावर रोप पोसत नाही. हायड्रोपोनिक्सचं ‘ए’ आणि ‘बी’ असं दोन भागांचं खत मिळतं. पाकिटावरच्या मापाने आधी एक पाण्यात विरघळवा, मग दुसरं. दोन्ही घट्ट खतं एकत्र केली, तर त्यातला कॅल्शियम साका होऊन तळाशी बसतो. शेतातला युरिया इथे घालू नका. त्याचं रोपाच्या उपयोगी रूप करणारे मातीतले जिवाणू या डब्यात नसतात.

डबा चार-पाच तास ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. आणि एक गोष्ट विसरू नका : साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. झाकणाच्या आणि कपाच्या फटी कापडाने बंद करा, आठवड्याला आत डोकावून बघा.

साधारण दीड महिन्यात पालक खुडायला येतो. बाहेरची पानं काढा, मधला कोंब राखा. एका डब्यावर घराची भाजी भागणार नाही, डाळीत घालायला मूठभर पानं निघतील. म्हणून आधी एकच डबा लावा. तो साधला, की दुसरा. उरलेलं खताचं पाणीही फेकू नका, अंगणातल्या फुलझाडांना घाला.