पवनेचे पाणी आणि समुद्रतळीचे कृमी

पिंपळे सौदागरच्या काठाने वाहणारी पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा मुठेला सोबत घेऊन रांजणगाव सांडसपाशी भीमेत शिरते, भीमा उजनीचा जलाशय ओलांडून रायचूरनजीक कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागरात विसर्जित होते; म्हणून नदीकाठी किंवा उसाच्या फडात फवारलेल्या तणनाशकाचा विचार गावाच्या हद्दीशी थांबवता येत नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक मातीला घट्ट चिकटून बव्हंशी गाळात अडकते. ॲट्राझीन हे दुसरे तणनाशक मात्र पाण्याबरोबर दूरवर जाते. ऑस्ट्रेलियातील उसाच्या मळ्यांतून वाहत गेलेली ॲट्राझीन आणि डाययुरॉन ही द्रव्ये ग्रेट बॅरिअर रीफच्या पाण्यात आढळली आहेत.

वनस्पतींसाठी योजलेले हे विष प्राण्यांना निरुपद्रवी असावे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु समुद्राच्या चिखलात बिळे करून राहणाऱ्या, नेरीस कुळातील वलयी कृमींचे जीवनचक्र पाहिले म्हणजे ती समजूत टिकत नाही. यांतील अनेक जाती आयुष्यात एकदाच प्रजनन करतात: पक्वावस्थेत त्यांचे डोळे मोठे होतात, पार्श्वपाद वल्ह्यांसारखे रुंदावतात, आणि चंद्रकलेशी जुळलेल्या ठरावीक रात्री पृष्ठभागी येऊन, अंडी व शुक्राणू पाण्यात सोडून ते मरतात. मादीची अंडी तोवर साठवलेल्या देहपुष्टीवर अवलंबून असल्याने खुंटलेल्या वाढीची भरपाई करण्यास दुसरा हंगाम उरत नाही.

ॲट्राझीनला कृमीच्या देहाला स्पर्शही करावा लागत नाही. चिखलावरील सूक्ष्म शैवलांचे प्रकाशसंश्लेषण रोखून ते त्याचे अन्नच हिरावते. ग्लायफोसेट ज्या विकरावर आघात करते ते प्राण्यांत नसते, हे खरे. तथापि त्याच्या काही मिश्रणांतील, पानावर द्रव पसरवणारी द्रव्ये जलचरांना अधिक घातक ठरतात. उघड्या पाण्यातील अंडी व डिंभ यांना तर बिळाचाही आसरा नसतो.

हे कृमी गाळ उलथून त्यात प्राणवायू खेळवतात आणि मासे, कोळंबी व किनारी पक्ष्यांचे अन्न होतात. त्यांची वीण घटली तर झळ मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचते.

केंद्र सरकारने २०२२ साली ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. परंतु केवळ कायद्याने नदी निर्मळ होत नाही. जिच्यावर तणनाशक फवारण्याचा मोह होतो, ती पवनेवरील जलपर्णी सांडपाण्यावर पोसते. ते शुद्ध करूनच नदीत सोडावे, वाढलेली जलपर्णी यंत्राने वा हातांनी काढावी, आणि सोसायट्यांनी आपल्या आवारातील तण फवारण्याऐवजी खुरप्याने उपटावे. एवढी तजवीज आपल्या हाती आहे, आणि ती आपण केलीच पाहिजे.