एआरटी सेंटरवरचा सोमवार

सकाळी ८.३०
एचआयव्हीच्या गोळ्या देणारं हे सेंटर उघडायच्या आधीच बाकं भरलेली असतात. लांबच्या गावांहून येणारे पहिली एसटी धरतात, दुपारची तरी मजुरी मिळावी म्हणून. सिस्टर सगळ्यात आधी वजनकाटा मांडतात. माझ्या मते या खोलीतलं सगळ्यात मोलाचं यंत्र तेच. हिरव्या पुस्तिकेत मागच्या खेपेचं वजन ५२ आणि आज ४७ असेल, तर माणूस कितीही म्हणो ‘मी ठणठणीत आहे मॅडम’, त्याला गोळ्या देऊन तसंच घरी सोडायचं नाही.

९.१५
समुपदेशक म्हणून माझे चार प्रश्न ठरलेले. खोकला? ताप? वजन घटलंय? रात्री घामानं अंथरूण भिजतं? एरवी दोन आठवड्यांचा खोकला झाला की टीबीची शंका घेतात. आमच्याकडे कालपासूनचा खोकलाही मोजायचा. एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव घेणाऱ्या आजारांत टीबी पहिला आहे. एक जरी ‘हो’ आलं तरी थुंकीची डबी हातात देऊन सीबीनॅट या टीबीच्या तपासणीला पाठवते. टीबी नाही अशी डॉक्टरांची खात्री झाली, की प्रतिबंधासाठी आयसोनियाझिड सहा महिने.

११.००
आयसीटीसीतून, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रातून, नवीन रुग्ण आले. गवंडीकाम करणारे, चाळिशीतले. बायकोनं दंडाला धरून आणलं होतं. तीन आठवडे डोकं दुखतंय, उजेड सोसवत नाही, सकाळी उलटी. मी मागचं विचारत गेले, तशी बायको सांगत गेली. गेल्या वर्षी कमरेला नागीण झाली होती. गावात गेरू लावून ती उतरवून घेतली. दोन टोकं जुळली तर माणूस जातो, या धास्तीनं घर जागं होतं. मग तोंड आलं, जिभेवर पांढरा थर, घास गिळेना. मग महिनाभर जुलाब. दर वेळी दवाखाना वेगळा, प्रत्येकानं समोर दिसलं त्याचं औषध दिलं. एचआयव्हीची तपासणी करा, असं एकानंही म्हटलं नाही. याचा मला मनापासून राग येतो. तरण्या माणसाला नागीण आणि पाठोपाठ जिभेवर बुरशी, एवढ्यावर तपासणी सुचायलाच हवी होती.

प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी ३८ निघाल्या. त्या शंभराच्या खाली गेल्या की क्रिप्टोकॉकस या बुरशीची रक्ततपासणी करतात. पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे बुरशी सापडली. ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते. श्वासातून बऱ्याच जणांच्या अंगात जाते, पण पेशी इतक्या उतरल्यावर मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते.

१२.१५
मणक्यातलं पाणी तपासायचं म्हटल्यावर रुग्णाचे भाऊ उठून उभे राहिले. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो.’ ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते, म्हणून घाई करत नाही. कागदावर मणका काढला. सुई कमरेच्या खालच्या भागात जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. या आजारात डोक्यात दाब साठतो. पाणी काढलं की तो उतरतो, डोकं हलकं होतं. कदाचित पुन्हा पुन्हा काढावं लागेल, हेही आत्ताच सांगितलं. सही भावांनी नाही, रुग्णानं स्वतः केली.

बायकोचा प्रश्न जास्त अवघड होता. ‘आजार एचआयव्हीचा, मग त्याच्या गोळ्या आजच का नाही?’ आता इतरांना निदान झालं की लगेच, कित्येकदा त्याच दिवशी गोळ्या सुरू होतात. इथे मात्र चार ते सहा आठवडे थांबायचं. एकदम जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूतल्या बुरशीवर तुटून पडली, तर तिथली सूज जिवावर बेतते. आधी अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध. सलाईनमधून जाताना हुडहुडी भरते, पोटॅशियम उतरतं, रोज रक्त तपासावं लागतं. ‘थांबणं हाही उपचारच आहे वहिनी,’ म्हटलं. तिनं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

२.३०
डबा खाऊन औषधांच्या खिडकीशी. टीबीची औषधं चालू असलेल्या एका ताईंना डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची जादा गोळी समजावली. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे एक गोळी पुरत नाही, म्हणून बारा तासांनी दुसरी. सकाळी नऊ, रात्री नऊ. त्यांनी मोबाइलमध्ये गजर माझ्यासमोरच लावला.

३.३०
न आलेल्यांना फोन. ऊसतोडीला गेलेल्या एका दादांच्या गोळ्या चार दिवसांत संपतायत. कारखान्याजवळच्या सेंटरला कळवून तिथं सोय लावली. फोन दुसऱ्या कुणी उचलला, तर मी फक्त माझं नाव सांगते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केलाय, पण कायदा नसता तरी एका वाक्यात एखाद्याचं गावातलं राहणं मोडू शकतं.

५.००
वॉर्डात गेले. पाणी काढून झालं होतं. दाब बराच वाढलेला निघाला. परवा पुन्हा काढायचंय. बायकोला बाहेर बोलावून तिच्या स्वतःच्या आणि धाकट्या मुलाच्या तपासणीचं विचारलं. ती उद्या दहाला येते म्हणाली. मुलाची शाळा बुडेल, बाईंना काय सांगायचं, एवढ्यावर अडली होती. चिठ्ठीत ‘घरी आजारपण’ इतकंच लिहायचं ठरलं.