लेन्सची डबी कशी असावी?

मिरचीच्या हंगामात आमच्या पिंपळगाव रेणुकाईत डोळे लाल झालेले रुग्ण रोज दोन-चार तरी येतातच. दिवसभर मिरची हाताळायची आणि घाम पुसायला तोच हात डोळ्याला लावायचा. त्यामुळे गेल्या हंगामात एक कॉलेजची मुलगी डोळ्यावर रुमाल धरून आली, तेव्हा मीही मिरचीच समजलो. वडील म्हणाले, "साहेब, पोरीच्या डोळ्यात तिखट गेलंय, थेंब द्या काहीतरी."

बॅटरीचा उजेड तिला सहन होईना. कसाबसा डोळा उघडला तर बुबुळाच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक करडा ठिपका. तिखटाने असा ठिपका पडत नाही. शाळेत असल्यापासून मी तिला चष्म्यातच पाहत आलो होतो. विचारले, "चष्मा कुठंय तुझा?" ती म्हणाली, "काका, आता लेन्स वापरते मी."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. ती छत्रपती संभाजीनगरला शिकते. सुट्टीत गावी येताना लेन्सची डबी वसतिगृहावरच राहिली. लेन्ससोबत दिलेले द्रावणही तिथेच. दोन रात्री तिने लेन्स खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांच्या दोन झाकणांत ठेवल्या, टाकीच्या पाण्यात. "पाणी गाळून घेतलं होतं काका," ती अगदी निरागसपणे म्हणाली.

मी थेंब दिले नाहीत. लेन्स काढायला लावल्या आणि त्याच दिवशी जालन्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. जाताना लेन्स आणि ती झाकणेही बरोबर न्यायला सांगितली. झाकणे कशाला, हे वडिलांना कळेना. पण डोळ्यातला जंतू कोणता, याचा पत्ता पुष्कळदा डबीतच लागतो. इथे एक सांगून ठेवतो. लाल डोळ्यासाठी मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, बरे वाटते, आणि आत जखम मात्र पसरत जाते.

तिला बुबुळाला जंतूंमुळे झालेली जखम निघाली. सुरुवातीचे काही दिवस रात्रंदिवस दर तासाला थेंब घालावे लागले. आईने गजर लावून रात्री जागवल्या. डोळा वाचला. कडेला बारीकसे फूल राहिले आहे. तेच मध्यभागी पडले असते तर त्या डोळ्याने तिला वाचताही आले नसते.

बरी झाल्यावर ती दवाखान्यात आली आणि म्हणाली, "काका, प्रवासात नेता येईल अशी चांगली डबी कोणती ते सांगा." मी म्हटले, त्यात काय एवढे! पण विचार करायला बसलो तेव्हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही हे लक्षात आले.

मुळात डबीत द्रव लागतो तो आजची लेन्स मऊ असते म्हणून. जुन्या कडक लेन्स कोरड्याही ठेवता येत. १९६१ साली प्राग शहरात ओटो विख्टरले या रसायनशास्त्रज्ञाने घरीच, मुलाच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचे यंत्र जोडून, त्याला सायकलचा डायनॅमो लावून मऊ लेन्स तयार केल्या. १९७१ साली अमेरिकेत त्यांच्या विक्रीला परवानगी मिळाली. ही लेन्स पाणी शोषून मऊ राहते, म्हणून ती भिजतच ठेवावी लागते. आणि जिथे ओल तिथे जंतू.

आपला पाण्याचा माठ आठ दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत लागतो. तसाच थर डबीच्या आतल्या भिंतीवर आणि झाकणाच्या आट्यांत धरतो. त्या थराखाली बसलेल्या जंतूंना द्रावणातले औषध नीट पोहोचत नाही. त्यातून पुष्कळ जण कालचे द्रावण न ओतता त्यातच थोडे नवे घालतात. औषधाचा जोर निम्मा होतो, जंतू तसेच राहतात.

पाण्याचे तर विचारूच नका. अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव माती, टाकी, नळ सगळीकडे असतो. तो स्वतःभोवती असे कवच करतो की क्लोरीनलाही दाद देत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत लोक मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच लेन्सचे पाणी करत आणि त्यातून या जंतूचे रुग्ण वाढले. आपल्याकडे शेतात डोळ्यात माती किंवा घाण पाणी जाऊन लेन्स न वापरणाऱ्यांनाही तो गाठतो. पाणी गाळून उपयोग नाही, आणि उकळलेले पाणीही डबीत नको.

आता डबी. पहिली गोष्ट अशी की डबी उघडणारा माणूस त्या क्षणी अर्धा आंधळा असतो. लेन्स डबीत, चष्मा कुठेतरी दुसरीकडे. म्हणून डावे-उजवे नुसते छापून भागत नाही. झाकणांचे रंग वेगळे हवेत आणि एका झाकणावर बोटाला लागेल अशी उंच खूण हवी. खळगा इतका खोल हवा की लेन्स पूर्ण बुडेल आणि झाकण फिरवताना कड चिमटणार नाही. झाकण आट्यांचेच हवे. नुसते दाबून बसणारे झाकण एस.टी.च्या धक्क्यांत उघडते. आतून कोपरे-कंगोरे जितके कमी तितके बरे. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण वापरणाऱ्यांनी मात्र त्यासोबत मिळणारी उभी डबीच वापरावी. त्यात वायू तयार होतो, तो जायला तिच्या झाकणाला बारीक छिद्र असते.

अशा साध्या डब्या चष्म्याच्या दुकानात स्वस्तात मिळतात. आरसा, चिमटा असलेली शोभेची डबीही मिळते, पण ती मला नको वाटते. डबी दर तीन महिन्यांनी फेकायची असते आणि महाग डबी कोणी फेकत नाही. म्हणून मी तिला म्हटले, आतली डबी टाकाऊ असू दे, बाहेरची पेटी आपण टिकाऊ करू.

पहिला प्रयोग जुन्या कंपासपेटीचा. द्रावण खारट, पंधरा दिवसांत कोपऱ्यांना गंज. मग हवाबंद प्लास्टिकचा डबा घेतला, त्यात ओल कोंडून कुबट वास यायला लागला. दिवसभर लेन्स डोळ्यात असतात तेव्हा रिकामी डबी वाळली पाहिजे, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते! शेवटी चष्मा मावेल एवढा प्लास्टिकचा लांबट डबा घेतला. तापवलेल्या सुईने त्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रे पाडली. तळाला कागदी रुमाल आणि त्यावर डबी व झाकणे उपडी. सकाळी लेन्स घातल्या की जुने द्रावण ओतायचे, डबी ताज्या द्रावणाने धुऊन स्वच्छ बोटाने चोळायची, पुसायची आणि उपडी ठेवायची. शेजारी द्रावणाची प्रवासाची छोटी बाटली, पण कंपनीतूनच बंद होऊन आलेली. मोठ्या बाटलीतले द्रावण दुसऱ्या बाटलीत भरून नेऊ नये, ते निर्जंतुक राहत नाही. एक कोरी डबी जास्तीची. आणि चष्मा.

चष्म्यावरून ती जरा अडली. लेन्स घेतल्याच होत्या बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मुलीच्या नाकावर चष्मा दिसला की आजही माणसे कुजबुजतात, मग तो बघणारा स्वतः चष्मेवाला का असेना. मी म्हटले, पेटीत असू दे. डबी विसरली, डोळा जरा जरी खुपला, रात्रीचा प्रवास असला, की लेन्स काढून चष्मा लाव. मिरची तोडायच्या दिवशी तर चष्माच. तिखट नुसत्या पाण्याने हातावरून जात नाही, साबणाने चोळून धुतले तरी थोडे उरते. तिखट लागलेली मऊ लेन्स धुऊन परत घालू नये, टाकून द्यावी.

परवा ती येऊन गेली. पेटीवर चिकटपट्टी लावून तिने नवी डबी काढल्याची तारीख लिहिली होती. वडील म्हणाले, "साहेब, आता ही पेटी आधी भरते, कपडे नंतर."