उलट्या पंख्याचं स्पिटफायर

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बनलेल्या स्पिटफायर विमानांच्या पंखांत बहुधा 20 मिलिमीटरच्या दोन तोफा असत आणि प्रत्येक तोफेला 120 गोळे. मिनिटाला साधारण 600 गोळे असा तोफेचा वेग. म्हणजे बटण दाबून धरलं तर बारा सेकंदांत तोफा रिकाम्या. जोडीला अर्ध्या इंची दोन मशिनगन, त्यांना प्रत्येकी 250 गोळ्या. त्याही जेमतेम वीसेक सेकंद पुरणार. सिनेमातला नायक मिनिटामागून मिनिटं गोळीबार करत राहतो, तो कुठल्या विमानातून करतो कोण जाणे.

हा 120 चा आकडा मी स्वतः एका फायलीत टाइप केलेला आहे. त्यापुढे एक शून्य वाढवलं असतं तर खेळणारी पोरं खूश झाली असती, पण मग ते स्पिटफायर उरलं नसतं.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. सुरुवात ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअरवर झाली, शेवट ऑटोकॅडवर. आता कॉम्प्युटरवरच्या लढाऊ सिम्युलेटरसाठी जुनी विमानं बनवतो आणि फुकट वाटतो. घरात याला ‘ह्यांची विमानं’ म्हणतात. कुठल्या स्वरात, ते सांगायला नको. पाहुण्यांना वाटतं मी दिवसभर गेम खेळतो. खरं तर उडवणं थोडं आणि घडवणंच फार.

सिम्युलेटर म्हणजे विमान उडवण्याचा अनुभव देणारी आज्ञावली. हातात जॉयस्टिक, पायाखाली परवडलं तर रडरचे पेडल, समोर पडद्यावर कॉकपिट. मूळ खेळाबरोबर मोजकीच विमानं येतात. बाकीची हौशी मंडळी बनवून त्यात जोडतात, त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणायचं. या छंदाला मोठा आधार दिला तो 1998 साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’नं. त्यात प्रत्येक विमानाचा स्वतंत्र फोल्डर होता आणि तो उघडून पाहता येत असे. एका कप्प्यात विमानाचा आकार, दुसऱ्यात त्यावरचे रंग, तिसऱ्यात कॉकपिटमधली घड्याळं, चौथ्यात इंजिनाचा आवाज. शिवाय विमान उडतं कसं हे सांगणारी एक फाइल आणि कुठे गोळी लागली की काय निकामी होतं हे सांगणारी एक. ही दुसरी तर साध्या नोटपॅडमध्ये उघडायची. बंदुका किती, गोळ्या किती, सगळं वाचा आणि बदला. कुलूप नव्हतंच. 2000 साली पॅसिफिक महासागरातल्या युद्धावरचा दुसरा भाग आला, 2002 साली तिसरा, आणि कंपनीनं ती मालिका तिथेच थांबवली. हौशी लोक थांबले नाहीत. तिसऱ्या भागावर काही जणांनी चक्क पहिलं महायुद्ध उभं केलं, दुपंखी विमानं आणि खंदकांसकट.

रशियातून 2001 साली आलेल्या ‘आयएल-2 स्टुर्मोविक’ची तऱ्हा उलटी. ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूनं केलेलं काम देखणं, पण फायली बंद. 2007 च्या सुमारास कुणीतरी ते कुलूप फोडलं आणि विमानांचा पूर आला. त्यावरून कडाक्याची भांडणं झाली. बंद ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं, की फायली खुल्या झाल्या तर इंटरनेटवर समोरासमोर लढताना एखादा महाभाग आपल्या विमानाचं इंजिन गुपचूप दुप्पट ताकदीचं करून बसेल. त्यात तथ्य होतं. तरीही मला खुलं घरच आवडतं. सामन्याला पंच नेमावा, त्यासाठी सगळ्यांच्या अंगणाला कुंपण कशाला?

आता घडवण्याबद्दल. पहिलं काम त्रिदृश्य चित्र मिळवण्याचं: वरून, समोरून आणि बाजूनं. आम्हा ड्राफ्ट्समन लोकांना हे सवयीचं, पण जुन्या मासिकांतल्या विमानचित्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. एकाच विमानाची दोन चित्रं एकमेकांवर ठेवली की नाकाचा उतार जुळत नाही, शेपटी पुढेमागे होते. म्हणून पक्की मापं आधी मांडायची. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा 36 फूट 10 इंच, हे ठरलेलं. मग छायाचित्रांवरून बाकीचं ताडून घ्यायचं. हे मी ब्लेंडर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतो. पडद्यावरचं विमान लहान लहान त्रिकोणांचं बनलेलं असतं. 1998 च्या कॉम्प्युटरला जास्त त्रिकोण झेपत नसत, त्यामुळे स्पिटफायरचा तो प्रसिद्ध लंबवर्तुळाकार पंख कोपरे काढल्यासारखा दिसे. आज ती अडचण नाही. त्यानंतर विमानाची कातडी उलगडून सपाट करायची, शिंपी सदरा बेततो त्याच्या उलट दिशेनं, आणि त्या सपाट चित्रावर रंग, रिव्हेट, धूर, ओघळलेलं तेल सगळं चितारायचं.

एवढं झालं की लोक म्हणतात, वा, हुबेहूब! मी म्हणतो, अजून उडालंय कुठे?

कारण विमान ओळखू येतं ते त्याच्या खोडींवरून. स्पिटफायरचं नाक एवढं लांब, की जमिनीवर पुढचं काही दिसत नाही. वैमानिक नागमोडी चालवत धावपट्टीपर्यंत जाई. चाकं एकमेकांजवळ, त्यामुळे उतरताना डुलतं. सुरुवातीच्या विमानांत चाकं हातपंपानं वर घ्यावी लागत. त्यासाठी उजवा हात पंपाला आणि दांडा डाव्या हातात, मग पंपाच्या हिसक्याबरोबर नवशिक्याचं विमान आकाशात वरखाली उसळ्या घेई. त्यातल्या मर्लिन इंजिनाला तर साधा कार्ब्युरेटर होता. विमान झटक्यात खाली दाबलं की पेट्रोल तरंगून वर जाई आणि इंजिन गचका खाई. जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट आत फवारलं जाई, म्हणून तो वैमानिक खुशाल सूर मारून निसटे. 1941 साली फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिॲट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी नळीत भोक पाडलेली एक छोटी चकती बसवून त्यावर तात्पुरता इलाज केला. आता 1940 चं स्पिटफायर बनवायचं असेल तर तो गचका त्यात आलाच पाहिजे, आणि 1941 च्या उत्तरार्धातलं असेल तर बव्हंशी गेला पाहिजे. विमान एकच, सालाप्रमाणे स्वभाव वेगळा.

माझ्या डोक्यात बसलेलं विमान म्हणजे स्पिटफायरची मार्क 18 ही आवृत्ती. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाकडे मार्क 14 आणि 18 होते. यात मर्लिन नाही, ग्रिफन इंजिन आहे. मर्लिन 27 लिटरचं तर हे जवळजवळ 37 लिटरचं, दोन हजार अश्वशक्तीच्या वर जाणारं. पुढे पाच पात्यांचा पंखा. आणि हा पंखा मर्लिनच्या उलट दिशेनं फिरतो. धावपट्टीवर जोर दिला की मर्लिनचं विमान डावीकडे ओढतं, म्हणून वैमानिकाच्या उजव्या पायाला सवय लागलेली. तो ग्रिफनच्या विमानात बसून सवयीनं उजवा पाय दाबू लागला, की आधीच उजवीकडे निघालेलं विमान आणखी वळे.

मी हल्ली ‘फ्लाइटगिअर’साठी बनवतो. हा मुळात लढाईचा सिम्युलेटर नाही, पण त्यात बंदुका बसवता येतात आणि आतली प्रत्येक ओळ खुली आहे. त्यात उड्डाणाचं गणित करणाऱ्या जेएसबीसिम नावाच्या भागात पंख्यासाठी ‘सेन्स’ अशी एक नोंद असते. तिथे 1 लिहिलं की पंखा एका दिशेनं, उणे 1 लिहिलं की उलट. बस्स, एक आडवी रेघ. ती द्यायची राहिली, तर बाहेरून अस्सल मार्क 18 दिसणारं विमान जुन्या मर्लिनवाल्या मार्क 9 सारखं डावीकडे पळतं. चित्रं पाहणाऱ्याला कळत नाही, पाय पेडलवर ठेवणाऱ्याला पहिल्या धावेत कळतं. म्हणून विमान वाटण्याआधी ते चार खडूस माणसांकडे चाचणीला द्यावं. ब्रिटिश हवाई मंत्रालयानं वैमानिकांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तिका आज पुनर्मुद्रित मिळतात. त्यातला वेग, इंजिनाच्या मर्यादा, विमान कोसळू लागण्याचा बिंदू, सगळं स्टॉपवॉच घेऊन ताडून पाहणारी माणसं जगभर आहेत, आणि त्यांना तुमच्या रंगकामाचं काडीचं कौतुक नसतं.

रंगकामाचीही एक गंमत आहे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर विमानांवरच्या गोल चिन्हातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानावर लाल सूर्य असे आणि आपलीच तोफ आपल्याच विमानावर उडायची भीती. गडद निळ्यात फिकट निळा असं ते चिन्ह. भारतीय वैमानिकांची स्पिटफायर तिथे त्याच खुणेनं लढली. स्वातंत्र्यानंतर पांढऱ्यावर निळं अशोकचक्र आलं. 1950 पासून आजचं केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ. म्हणजे पाचसहा वर्षांत तऱ्हा बदलत गेल्या, आणि 1947 च्या हिवाळ्यात श्रीनगरहून उडालेल्या स्पिटफायरवर कुणी तिरंगी वर्तुळ काढलं तर ते चूक. चक्राला 24 आरे. जुन्या खेळांत रंगाचं पान 256 बाय 256 ठिपक्यांचं असे. त्यात चक्र काढलं की आऱ्यांचा लगदा होऊन निळा डाग उरायचा. काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवरून रंग ठरवणं तर आणखी कठीण. जुन्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे, तो काळपट उमटे.

राहिला प्रश्न वाटण्याचा. विमान झिप करून पाठवतात तेव्हा सोबत ‘रीडमी’ नावाचा एक कागद असतो. मी तो सगळ्यात आधी वाचतो. आकार अमक्याचा, रंग तमक्याचा, उड्डाणाची फाइल तिसऱ्याची, आवाज चौथ्यानं विमानांच्या मेळाव्यात उभं राहून टिपलेला. खाली अटी: विकू नये, माझ्या परवानगीशिवाय आकारात बदल करू नये. या मंडळींनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं. पैसा नाही, तेव्हा नाव हाच मोबदला, आणि ते गाळणाऱ्याला इथे चोरच म्हणतात. अशी फुकटची विमानं गोळा करून सीडीवर विकणारेही निघाले, त्यामुळे अटी अधिकच कडक झाल्या.

त्या अटींचा त्रास असा, की माणसं निघून जातात. छंद सुटतो, पत्ता बदलतो, कधी माणूसच जातो. माझ्याकडे जुन्या कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटरचं ग्रिफनवालं एक सुंदर स्पिटफायर आहे. त्याचा कर्ता उत्तर देत नाही. परवानगीशिवाय मी त्याच्या आकाराला हात लावत नाही. काही मित्र मला यासाठी हसतात. मी फक्त चक्राचं रंगकाम वेगळं बांधून पाठवतो आणि लिहितो, की मूळ विमान तुमचं तुम्ही मिळवा, ही चित्रं त्याच्या रंगांच्या फोल्डरमध्ये टाका. फ्लाइटगिअरच्या विमानांना बहुतेक जीपीएल परवाना असतो. तिथे कुणीही विमान घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं, अगदी विकावंही. अट एवढीच, की पुढच्यालाही तेच सगळे हक्क मिळाले पाहिजेत. तो आख्खा सिम्युलेटर वेगळं नाव लावून पैशाला विकणारे महाभागही झालेच. मला त्याचा राग येतो, पण माझा मार्क 18 मी त्याच परवान्याखाली ठेवणार आहे. उद्या मी उत्तर दिलं नाही, तरी कुणाला त्याच्या नाकाचा उतार दुरुस्त करता येईल. सध्या काम अडलंय ते मागच्या चाकाच्या झडपांवर. त्यांचा बाजूनं घेतलेला स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर हवाय.